नेमणुकीवरच्या मूर्ती

पश्चिम आफ्रिकेतल्या लोबी लोकांच्या घरातल्या देवस्थानात एखादी लाकडी मूर्ती अशी असते, की शोक करणं एवढंच तिचं काम. तिला बातेबा यादावोरा म्हणतात. मान एका बाजूला वळलेली, हात पाठीमागे एकमेकांत गुंतलेले किंवा एक हात गालाला लावलेला, कपाळ आक्रसलेलं. घरधन्यावर येऊ घातलेलं दुःख तिनं आपल्या अंगावर घ्यायचं आणि त्याच्या वतीनं भोगायचं, म्हणजे त्याच्या वाट्याला ते येत नाही. शेजारी दोन्ही हात आडवे पसरून उभी असलेली दुसरी मूर्ती असेल, तर ती बातेबा ति पुओ. रोगराई, चेटूक, कुणाचं वाईट चिंतन, जे काही घरात शिरू पाहील त्याची वाट तिनं अडवायची. कधी तिचा एकच हात वर उगारलेला असतो. स्त्री-पुरुषाची बिलगलेली जोडी असेल, तर ज्याचं लग्न जमत नाही किंवा ज्याला मूल होत नाही त्याच्यासाठी तिची खटपट चाललेली असते. दोन डोक्यांची मूर्ती एकाच वेळी दोन बाजूंना नजर ठेवते. आणि हात अंगाशी लावून नुसतीच उभी असलेली साधी मूर्तीही असते, बातेबा फुवे. तिच्यात काहीच खास दिसत नाही, पण खरं तर सगळ्यात जास्त संख्या तिचीच.

या मूर्तींकडे जगानं आजवर मुख्यतः दोन नजरांनी पाहिलं. एका नजरेला त्या कला वाटतात, दुसरीला पवित्र वस्तू. दोन्ही नजरांत आदर आहे, आणि तरीही दोन्हींच्या हातून मुख्य गोष्ट निसटते, असं माझं ठाम मत आहे. बातेबा, म्हणजे अशी कोरलेली मूर्ती, ही एक नेमणूक असते. एका घरानं, एका विशिष्ट अडचणीसाठी, वरून आलेल्या हुकमानुसार तिला कामावर ठेवलेलं असतं. हे ध्यानात घेतलं नाही तर तिच्या अंगावरची प्रत्येक रेघ वाचूनही तिच्याविषयी आपल्याला फारसं कळलेलं नसतं.

लोबींचा प्रदेश आज तीन देशांत विभागला आहे. मोठा भाग बुर्किना फासोच्या नैर्ऋत्येला, गावा शहराच्या आसपास. बाकीचा कोत दिव्हारच्या ईशान्येला आणि थोडा घानाच्या वायव्येला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते आजच्या घानातून काळी व्होल्टा नदी ओलांडून पश्चिमेला सरकले. दर सात वर्षांनी होणारा जोरो हा दीक्षाविधी त्याच नदीशी जोडलेला आहे. जाड मातीच्या भिंतींचं, सपाट धाब्याचं, खिडक्या नसलेलं किल्ल्यासारखं घर ही त्यांची ओळख. पूर्वी कित्येक घरांत शिरायचं ते धाब्यावरून, खाचा पाडलेल्या ओंडक्याच्या शिडीनं. अशा घराच्या आतल्या अंधाऱ्या खोलीत थिलदू असतो, म्हणजे देवस्थान. ज्या मूर्ती आज युरोपातल्या संग्रहालयांत नेमक्या कोनातून सोडलेल्या उजेडात उभ्या आहेत, त्यांचं मूळचं आयुष्य जवळजवळ काळोखात गेलेलं आहे. पाहिलं जाणं हा त्यांच्या कामाचा भागच नव्हता.

त्या कुणाच्या हुकमानं तिथं येतात, हे समजायला थिला समजून घ्यावे लागतात. एकवचनी थिल, अनेकवचनी थिला. सृष्टीचा कर्ता थांगबा. पण माणसांच्या भांडणतंट्यांना कंटाळून तो दूर निघून गेला, असं लोबी सांगतात. जाताना त्यानं माणसांना अगदीच वाऱ्यावर सोडलं नाही. थिलांना त्यांच्यासाठी ठेवून गेला. थिला डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांच्याजवळ माणसांपेक्षा जास्त शक्ती आहे, पण ते सगळेच सद्गुणाचे पुतळे नव्हेत. ते रागावतात, हट्ट धरतात, चुकतातही. प्रत्येक थिल आपल्या माणसाला काही नियम घालून देतो: अमुक खायचं नाही, अमुक करायचं नाही, अमुक वस्तू अंगावर बाळगायची. नियम मोडला तर संरक्षण काढून घेतो. घराचे थिला वेगळे, आणि गावाचा एक थिल वेगळा. त्याला दिथिल म्हणतात. दिथिलचा सेवक त्याचं म्हणणं गावाला सांगतो, पण त्यामुळे तो गावचा मुखिया होत नाही.

ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लोबींना राजा नव्हता, सरदार नव्हते, दरबार नव्हता. दरबार नसला की दरबारी कलाही नसते. पश्चिम आफ्रिकेची शिल्पकला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बेनिनच्या पितळी पाट्या किंवा इफेची मस्तकशिल्पं येतात. ती राजांची कला. तिचा प्रेक्षक प्रजा होती, पाहुणा होता, शत्रूचा वकील होता. बातेबाला असा प्रेक्षकच नाही. तिच्यावर राजाचा शिक्का नाही, वैभवाचं ओझं नाही. एका शेतकऱ्यानं दुसऱ्या शेतकऱ्यासाठी, त्याच्या घरातली एक कटकट निवारण्यासाठी ती कोरलेली आहे. कोरणाऱ्यांची वेगळी जात लोबींमध्ये नाही. ज्याला हात आहे तो कोरतो. शेती सांभाळून कोरतो. काहींचं नाव होतं आणि लांबून माणसं त्यांच्याकडे येतात, पण त्यांचं शेत काही सुटत नाही.

मूर्ती हवी हे मात्र माणूस स्वतः ठरवत नाही. घरात कुणी सारखं आजारी पडतं, पीक हातचं जातं, बायको माहेरी निघून जाते. अशा वेळी लोबी माणूस बुओरकडे जातो. बुओर म्हणजे थिलांचं म्हणणं उलगडणारा. दोघं शेजारी शेजारी बसतात. बुओर आलेल्या माणसाचा हात आपल्या हातात घेतो आणि थिलाला मोठ्या आवाजात, भराभर प्रश्न विचारू लागतो. घरातल्या कुणाचं काही आहे का? पुरुषाचं? बाईचं? आजार आहे? कुठला नियम मोडला गेला? दोघांचे जोडलेले हात उठतात, हलतात. उत्तर होकारार्थी असेल तर ते मांडीवर आदळतात, नकारार्थी असेल तर नुसतेच हवेत झुलतात. एका प्रश्नातून दुसरा फुटतो, वाट अरुंद होत जाते आणि शेवटी ती एका ठिकाणी येऊन थांबते. मग कवड्या टाकून आलेलं उत्तर पुन्हा पडताळून पाहतात.

कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात, तो प्रकार आपल्या ओळखीचा आहे. तिथंही उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं. पण कौल लावताना गाऱ्हाणं आधी घातलं जातं. अडचण उघड बोलून मग देवाला विचारायचं. लोबींकडे उलटं आहे. आलेला माणूस आपली अडचण सांगत नाही. तो गप्प बसतो, हात देतो आणि त्याच्या अडचणीचं नाव दुसऱ्यानं शोधून काढायचं असतं. यातली जाण मला विलक्षण वाटते. संकटात सापडलेल्या माणसाला आपल्याला नेमकं काय झालंय हे पुष्कळदा माहीत नसतं. ते त्याच्याकडून वदवून घेण्याऐवजी त्याच्या हाताला विचारलं जातं. यावर कुणी म्हणेल की हातांच्या हालचालीला दोघांचं नकळत संगनमत असणार. असेलही. पण त्यानं या पद्धतीची किंमत कमी होत नाही. उलट एका माणसाचं दुःख दोन माणसांनी मिळून शोधलं, इतकं तरी निश्चित घडतं.

त्या कवड्यांविषयी एक गोष्ट जाता जाता. पश्चिम आफ्रिकेत चलन म्हणून फिरलेल्या कवड्या मूळच्या तिथल्या नव्हेत. त्या मालदीवच्या बेटांवरून आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून शतकानुशतकं व्यापाऱ्यांनी नेल्या. लोबींनी तर फ्रँक चलनात आल्यावरही कितीतरी काळ कवड्या सोडल्या नाहीत. आपल्याकडच्या भुत्याच्या गळ्यातली कवड्यांची माळ आणि लोबी बुओरनं जमिनीवर टाकलेल्या कवड्या एकाच समुद्रातल्या आहेत.

बुओरनं शोधलेल्या उत्तरात पुष्कळदा एक आज्ञा असते: अमुक प्रकारची बातेबा करून घे. किती, कुठल्या हावभावाची, तेही थिलच सांगतो. माणूस कोरणाऱ्याकडे जातो, मूर्ती घेऊन येतो, ती थिलदूत ठेवतो. मग कोंबडीचा बळी दिला जातो. कोंबडी फडफडून उताणी पडली तर थिलानं स्वीकार केला, पालथी पडली तर काहीतरी अडलंय. रक्त मूर्तीवर पडतं, पिसं चिकटतात, पुढं वर्षानुवर्षं बाजरीच्या दारूचे आणि बळीचे थर चढत जातात. झ्यूरिकच्या रीटबर्ग संग्रहालयानं १९८१ साली प्रकाशित केलेला पीट मायर यांचा लोबींच्या कलेवरचा आणि धर्मावरचा ग्रंथ या विषयात पायाभूत मानला जातो. त्याआधी कित्येक युरोपीय लेखकांनी या मूर्तींना पूर्वजांच्या प्रतिमा म्हणून निकालात काढलं होतं. मायर यांना लोबींनी निराळंच सांगितलं. त्यांच्या लेखी कोरलेली बातेबा थिल आणि माणूस यांच्या मधली एक जिवंत हस्ती आहे. तिला दिसतं, ती इतर बातेबांशी बोलते, लाकडाची असूनही आपल्या कामासाठी हिंडते-फिरते. थिलाला शरीर नाही. त्याचं म्हणणं प्रत्यक्षात आणायला हात-पाय असलेलं कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे ती.

यातून एक निष्कर्ष निघतो, आणि तो कलेच्या भक्तांना रुचणार नाही. लोबींच्या दृष्टीनं देखणी बातेबा आणि ओबडधोबड बातेबा यांच्या कामात फरक पडत नाही. चांगल्या हाताचं कौतुक त्यांनाही आहे, म्हणूनच तर काही कोरणाऱ्यांचं नाव पसरतं. पण थिलानं सांगितलेला हावभाव त्या लाकडात असला की झालं. अडवणारीचे हात अडवताना दिसले पाहिजेत, शोक करणारीची मान वळलेली असली पाहिजे. अगदी वेडीवाकडी मूर्तीही नेमून दिलेलं काम पार पाडते. युरोपच्या बाजारात लोबी मूर्तींना दीर्घकाळ कमी भाव होता. बाउले किंवा दान लोकांच्या मूर्तींच्या मानानं त्या रांगड्या, ओबडधोबड समजल्या जात. नंतर हाच रांगडेपणा जोमदार वाटू लागला आणि भाव चढला. दोन्ही वेळा मोजपट्टी पाहणाऱ्याच्या घरची होती.

याचा अर्थ या मूर्ती सुंदर नाहीत असा मुळीच नाही. एखाद्या चांगल्या ति पुओकडे पाहावं. जाड मान, किंचित पुढं काढलेली हनुवटी, जड पापण्या, गुडघ्यात सूक्ष्म वाक, आणि खांद्यांपासून सरळ बाजूंना फेकलेले हात. शरीराचा सगळा भार पावलांत उतरलेला. दारातून आत येऊ नकोस, हे वाक्य लाकडात याहून कमी रेघांत सांगता येईल असं वाटत नाही. पण हे सौंदर्य त्या कामातूनच आलेलं आहे. ते हात कुणाला तरी अडवतात म्हणून तसे आहेत. काम विसरून निव्वळ आकार पाहिला की त्याच हातांचा समतोल, लय, रचना असं वर्णन सुरू होतं. ते वर्णन खोटं नसतं, पण मूर्ती काय करत उभी आहे हे त्यातून हरवलेलं असतं.

आता दुसऱ्या नजरेकडे येतो. तिच्याशी भांडणं जास्त अवघड आहे, कारण ती न्यायाची भाषा बोलते. या पवित्र वस्तू होत्या, वसाहतवाद्यांनी त्या उपटून नेल्या, त्या परत करा. यातला मधला भाग निर्विवाद खरा आहे. फ्रेंच सैन्य १८९० च्या दशकाच्या अखेरीस या प्रदेशात शिरलं. तह कुणाशी करायचा हाच त्यांचा पहिला पेच, कारण सही करायला राजाच नाही. प्रत्येक घर स्वतःच्या थिलाचं ऐकणारं. विषारी बाणांचा प्रतिकार दशकानुदशकं धुमसत राहिला, आणि त्याला उत्तर म्हणून दंडात्मक मोहिमा निघत राहिल्या. पहिल्या महायुद्धाच्या आसपासच्या वर्षांत इथं प्रशासक असलेल्या आंरी लाबुरे यांनीच पुढं १९३१ साली लोबी आणि त्यांच्या शेजारी जमातींवरचा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्यानं दंड वसूल केला त्यानंच नोंदी केल्या. हे दुःखद आहे, आणि त्या नोंदी आजही उपयोगी आहेत, हेही तितकंच खरं. त्याच १९३१ साली डाकार ते जिबूती प्रवास करणारी फ्रेंच संशोधकांची तुकडी शेजारच्या मालीमध्ये गावोगावची देवस्थानं रिकामी करत होती. त्या तुकडीतला मिशेल लेरीस हे सगळं आपल्या रोजनिशीत लिहीत होता आणि १९३४ साली त्यानं ते छापलं. वस्तू कशा मिळवल्या जात याविषयी त्यानंतर कुणी अनभिज्ञ राहण्याचं कारण नव्हतं. १९५३ साली क्रिस मार्कर आणि आलँ रेने यांनी 'पुतळेही मरतात' अशा अर्थाच्या नावाचा लघुपट काढला, तर फ्रान्समध्ये त्यावर कित्येक वर्षं बंदी होती.

म्हणून अन्यायाविषयी माझ्या मनात शंका नाही. माझं भांडण 'पवित्र वस्तू' या कल्पनेशी आहे. ती कल्पना मूर्तीला कायमचं पावित्र्य देऊन टाकते. लोबींनी ते कधीच दिलेलं नाही. बातेबाची नेमणूक संपू शकते. ज्या कामासाठी ती आणली ते झालं, किंवा झालंच नाही, किंवा ज्या माणसाशी त्या थिलाचा संबंध होता तो वारला आणि पुढं कुणी जबाबदारी घेतली नाही, की ती मूर्ती मागं पडते. अंधाऱ्या कोपऱ्यात, पडक्या घरात, वाळवीच्या हवाली. तिच्याकडे दुर्लक्ष करणं हा अधर्म ठरत नाही. वाळवीनं पाय खाल्लेली मूर्ती संग्राहकाला करुण आणि पुरातन वाटते. तिच्या घरच्यांना ती कामावरून सुटलेली वाटत असेल. पावित्र्याची आपली कल्पना शाश्वताची आहे, आणि थिलदूतला व्यवहार कराराच्या अंगानं चालतो. तू मला सांभाळ, मी तुला कोंबडी देतो. तू सांभाळलं नाहीस, तर मी दुसऱ्याकडे जाईन. हा देवाणघेवाणीचा रोखठोकपणा मला कमी प्रतीचा वाटत नाही. त्यात माणूस आपल्या अदृश्य शक्तींकडेही हिशेब मागू शकतो.

या दोन्ही नजरांना अडचणीत आणणारा एक कोरणारा गावा शहरात होऊन गेला: सिकिरे काम्बिरे. तो १९६३ साली वारला. त्याच्या मूर्तींचे डौलदार केशसंभार आणि गुळगुळीत अंग ओळखू येतं. त्यानं लोबींसाठी कोरलं आणि फ्रेंच अधिकाऱ्यांसाठीही कोरलं. गोऱ्या साहेबाच्या टेबलासाठी केलेल्या मूर्तीच्या मागं कुठलाही थिल नव्हता, कुठला बुओर नव्हता, कुणाच्या घरातली अडचण नव्हती. कलेच्या नजरेला दोन्ही सारख्याच, कारण हात तोच. पावित्र्याच्या नजरेला दुसरी बनावट. लोबींच्या हिशेबानं पाहिलं तर कोडं उरतच नाही: एक मूर्ती कामावर आहे, दुसरीला कुणी कामावर घेतलेलंच नाही. उद्या थिलानं सांगितलं तर साहेबाच्या टेबलावरची मूर्तीही थिलदूत जाऊन उभी राहू शकेल. लाकडात अडचण नाही.

२८ नोव्हेंबर २०१७ रोजी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष एमान्युएल माक्राँ यांनी आफ्रिकेचा वारसा आफ्रिकेला परत करण्याचं आश्वासन दिलं, ते बुर्किना फासोची राजधानी वागादुगूच्या विद्यापीठात. पुढच्या वर्षी फेलविन सार आणि बेनेदिक्त साव्वा यांचा अहवाल आला, आणि २०२१ मध्ये फ्रान्सनं बेनिन प्रजासत्ताकाला आबोमेच्या राजवाड्यातल्या २६ वस्तू परत केल्या. राजवाड्यातल्या वस्तूंचं परतणं तुलनेनं सोपं असतं. राजवाडा आहे, राजघराणं आहे, राष्ट्र स्वतःला त्याचा वारस म्हणवतं. बातेबाचं काय? ती कुठल्या राष्ट्राची नव्हती. ती एका घराची होती, आणि त्या घराचा पत्ता कुणी लिहून ठेवला नाही. संग्रहालयाच्या पाटीवर 'लोबी, बुर्किना फासो, लाकूड, विसावं शतक' एवढंच असतं. कुणाच्या घरातून आणली, कुठल्या हावभावाची, कशासाठी ठेवली होती, तिथून कशी निघाली, हे रकाने रिकामे. मला विचाराल तर मूर्ती हलवण्याइतकाच मोठा अन्याय त्या रिकाम्या रकान्यांत आहे. मालकी परत करता येते. हरवलेला प्रश्न परत करता येत नाही. म्हणूनच ज्या थोड्या मूर्तींच्या मागची हकीकत मायर यांच्यासारख्यांनी टिपून ठेवली, त्यांचं मोल मला इतरांहून फार जास्त वाटतं, मग त्या दिसायला कशाही असोत.

राजधानीतल्या काचेच्या कपाटात मूर्ती नेऊन ठेवणं म्हणजे परत देणं, असं मला वाटत नाही. त्यातल्या त्यात बरी जागा गावा शहराचीच. तिथं मादलेन पेर या फ्रेंच अभ्यासिकेनं आयुष्यातली अनेक वर्षं लोबींमध्ये काढली आणि तिच्या धडपडीतून त्या प्रदेशाचं संग्रहालय १९९० साली उभं राहिलं. तिथं पाहायला येणाऱ्यांत काहींच्या घरी आजही थिलदू असतो. कुठली मूर्ती काय करते हे त्यांना पाटी वाचून समजून घ्यावं लागत नाही.

आणि परत करण्याविषयी कायदेपंडितांच्या बैठका होतात, त्यांत एका गोष्टीचा विचार झाल्याचं मला कुठं दिसलं नाही. मूर्तीनं कुठं जावं, कुणाच्या घरात राहावं, की तिचं काम संपलंय आणि तिला आता आहे तिथंच सोडून द्यावं, हे ठरवायची रीत लोबींकडे आधीपासून आहे. एक माणूस बुओरच्या शेजारी बसतो, हात देतो, आणि प्रश्न विचारले जातात. एखादी बातेबा परत पाठवायची वेळ येईल तेव्हा समितीच्या अहवालासोबत ही बैठकही घ्यावी. उत्तर गैरसोयीचं येईल ही शक्यता गृहीत धरून घ्यावी. जोडलेले हात हवेत नुसतेच झुलले, तर तेही कागदावर उतरवून घ्यावं.